मागच्या अंगणातली टाकी मोनालीच्या नावे

संकल्पने माझ्या टाकीत ब्लिचिंग पावडर ओतली. पोटच्या पोराने. हे आधी कागदावर येऊ दे, जयभीम त्यानंतर.

सर्वांना जयभीम. मी द्वारका जनार्दन तायडे, मूळची भुसावळची, हल्ली राहणार जगतपुरा, जयपूर. शिक्षण चौथी, तेही अर्धं. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरचा कागद जोडला आहे. तरी ज्याला शंका असेल त्याने मी जिवंत असताना येऊन बोलून बघावं. कुणी माझा हात धरून हे लिहवून घेतलेलं नाही. आधीच्या मृत्युपत्रात सगळं संकल्पला दिलं होतं. ते रद्द.

१. घर आमच्या ह्यांनी रेल्वेत फिटर असताना माझ्या नावावर बांधलं. तेव्हा इथे वाळू आणि बाभळी होत्या. त्यातला तळमजला, मागचं अंगण आणि अंगणातली टाकी माझी नात मोनाली संकल्प तायडे हिला. टाकी म्हणजे काय तेही लिहिते, नाहीतर उद्या कोर्टात कुणी म्हणेल, म्हातारीने पिण्याच्या पाण्याची टाकी दिली.

रेल्वे लाइनीपलीकडे गौरांग सेठचा कारखाना आहे. बायकांना पाळणा लांबवायला देतात त्या हार्मोनच्या गोळ्या तिथे होतात, आणि धुवणाचं पाणी सरळ आमच्या मागच्या नाल्यात येतं. दिसायला स्वच्छ, पण नाल्यातल्या नर माशांच्या पोटात अंडी निघाली. मोनाली कॉलेजात जंतूंचं शिकते. तिने नाल्याच्याच गाळातून ते हार्मोन खाणारे जंतू शोधले आणि माझ्या टाकीत वाढवले. खालून पंपाने हवा, वरून नाल्याचं पाणी. बाकीचं जंतू बघतात. मी म्हटलं, म्हणजे विरजणच की. ती म्हणाली, हो आजी, फक्त दही लागत नाही. तपासणीत आत जाणाऱ्या पाण्यात औषध निघालं, बाहेर पडणाऱ्यात नावालाच. आत जाणारं पाणी कुणाचं, हे सेठला झोंबलं.

संकल्प त्याच कारखान्यात सुपरवायझर. सेठने सांगितलं, याने ऐकलं. लेक कॉलेजात, आई दवाखान्यात, असं बघून पावडरची गोणी रिकामी केली. मी विचारलं तर म्हणतो, "आई, मतलब, चिखलासाठी नोकरी घालवू का?"

"तुझ्या लेकीची मेहनत होती तो चिखल," मी म्हटलं. त्यावर तो मोबाइल बघत बसला.

कॉलेजच्या बाटलीत जंतू होते, पण बाटलीतून पुन्हा टाकी मुरवायची म्हणजे वर्ष गेलं असतं. विरजणाचं कसं असतं, आपल्या घरचं नासलं तर मागायला घर हवं, म्हणून शेजारी आधीच देऊन ठेवायचं. मी बादलीभर गाळ शेजारच्या मधुमतीच्या हौदात ठेवला होता, पंप लावून. नाल्याचं पाणी तीच घालायची. संकल्पला हे सुचायला हवं होतं, लहानपणी वाटी घेऊन शेजारी मी त्यालाच धाडायची. विसरला, बरं झालं. मधुमती म्हणाली, "ले जाओ मांजी, आपकी ही अमानत है." टाकी धुऊन तो गाळ सोडला, ती पुन्हा चालू आहे. माझ्या मागे ती पुन्हा मरू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

२. वरची खोली संकल्पला, हयातीपुरती, राहायला, विकायला नाही. अट अशी की रोज सकाळी कामावर जाण्याआधी टाकीची जाळी त्याने स्वतःच्या हाताने साफ करावी आणि पंप चालतो का ते बघावं. गडी लावायचा नाही. टाकी त्याच्या हातून मेली तर खोली मोनालीची. सेठने त्याला कामावरून काढलं तर उत्तम, सकाळी घाई राहणार नाही.

३. सून रत्नमाला हिने पावडर ओतताना बघितलं. "अहो, नको," म्हणाली आणि दार लावून घेतलं. निम्मं बोलली, म्हणून माझी काळ्या मण्यांची पोत तिला, पोतीतलं सोन्याचं डोरलं मोनालीला.

४. माझ्या घरात फिनेल, ॲसिड, ब्लिचिंग आणू नये. संडास साबणाने घासावा. माझी सासू तसाच घासायची, कुणी मेलं नाही.

५. मी गेल्यावर गौरांग सेठ माझ्या पुण्यानुमोदनाला येणारच, दवाखान्यात फळांची टोपली घेऊन आला होता तसा. हाकलू नका. पुढच्या खुर्चीवर बसवा. सगळ्यांना चहा द्या. त्याच्यासमोर दोन ग्लास ठेवा, एकात त्याच्या पाइपाच्या तोंडचं पाणी, दुसऱ्यात टाकीतून निघालेलं. तो कशालाच हात लावणार नाही. तेवढंच लोकांना दिसू दे.

ही व्यवस्था शामराव वानखेडे यांनी बघावी. ते रेल्वेत गार्ड होते, हिरवी झेंडी कधी दाखवायची ते त्यांना कळतं.

हे मी शुद्धीत लिहिलं, दोघा साक्षीदारांना वाचून दाखवलं, मधुमतीला हिंदीत समजावलं, आणि दोघांच्या देखत सही केली.

सही: द्वारका जनार्दन तायडे

साक्षीदार: शामराव वानखेडे, निवृत्त गार्ड, सोडाला
साक्षीदार: मधुमती शर्मा, शेजारीण (सही हिंदीत)

ठिकाण: जयपूर
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५

एक राहिलं. याखालीही तिघांच्या सह्या घेतल्या आहेत. ग्लासात काय आहे, असं सेठ विचारेल. मोनालीने बोलू नये, तिचं पुष्कळदा सांगून झालं. शामरावांनीही नाही. संकल्पने उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर द्यावं.