लाल रश्श्यातली उकड

आई,

भोपाळहून पुन्हा बोलावणं आलंय. आमच्या वर्तमानपत्राच्या तिथल्या पुरवणीचं काम आहे. परवापर्यंत हो किंवा नाही कळवायचंय. वीस वर्षांपूर्वी बोलावलं तेव्हा तुला जाऊन वर्षही झालं नव्हतं. बाबा ताटावरूनच म्हणाले होते, "जा की. पण तिच्या हातची चव आता तुझ्याकडेच राहिलीये." मी गेले नाही. तेव्हापासून दतिया गेटजवळच्या आपल्या या स्वयंपाकघरात ऑफिसला निघण्याआधी रोज मी तुझा स्वयंपाक करते. तुझं वरण, तुझी आमटी, तुझ्यासारखी पातळ पोळी. पहिला घास तुझ्या फोटोपुढे, मग बाबांचं ताट. स्वयंपाकाला बायका लावून पाहिल्या. एक घास घेऊन बाबा ताट सरकवतात. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

यंदा आपल्या धाकट्याची मुलगी बबीन्याहून कॉलेजसाठी इथे राहायला आली. हिला तू पाहिलेलं नाहीस. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देते. भोपाळचं ऐकल्यावर म्हणाली, "बुआ, आप जाओ. आजोबा का खाना मैं देख लूँगी."

"तुझ्या हातचं खाणार नाहीत ते."

"पहले खिलाने तो दो."

तिनं ठरवली तोकबोक्की. कोरियात रस्त्यावरच्या गाड्यांवर मिळते म्हणे. तांदळाच्या पिठाच्या बोटाएवढ्या वळकट्या, तिखट-गोड लाल रश्श्यात शिजवलेल्या. आंबवलेल्या मिरचीची डबीही तिनं मागवून ठेवली होती. "इसमें आजी से कोई बराबरी ही नहीं," ती म्हणाली. हुशार आहे.

पण काल परातीतलं पीठ पाहिलं आणि मी ओळखलं, ही तर मोदकाची उकड. ती कोरड्या हातानं मळायला लागली आणि माझ्या तोंडून गेलं, "हात ओला कर गं, पीठ काय तुझा नोकर आहे?" तुझंच वाक्य, तुझ्याच आवाजात. बाहेर मुली लंगडी खेळतायत, लहानगी मी पाटावर बसलेय, तू ओल्या बोटांनी माझ्या मनगटावर चापट मारतेस आणि म्हणतेस, उकड मऊ झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. मी दाराकडे बघत मळतेय.

वाटी तुझ्या फोटोपुढून फिरून बाबांच्या ताटात आली. त्यांनी चमच्यानं ढवळून पाहिलं. "ही तर वरणफळं. वरणाला काय झालं?"

"गुस्सा आ गया उसको, आजोबा."

ते बराच वेळ चावत राहिले. "चिवट आहे. तुझ्या आजीची उकड लोण्यासारखी असायची." मग त्यांनी वाटी सरकवली. मी उचलायला वाकले, तर ती भाचीकडे सरकवलेली होती. "थोडं आणखी वाढ."

भाचीनं माझ्याकडे पाहिलं. मला आनंद व्हायला हवा होता. पाय मात्र तिथेच रुतले. इतकी वर्षं दार बाबांनी धरून ठेवलंय, असं मी सगळ्यांना सांगत आलेय. काल ते एका वाटीसाठी सहज बाजूला झाले.

हे तुला वाचता आलं असतं तर लिहिलं नसतं. भाची सकाळपासून विचारतेय, "हाँ बोल दिया न?" मी तिला हो म्हटलंय. भोपाळला अजून काही कळवलेलं नाही. दुपारी मात्र पुढच्या उकडीचे तांदूळ धुऊन पंचावर पसरून ठेवले. कुणी सांगितलं नव्हतं.