बामगोलची चाळीस झाडं

इंचॉन,
४ ऑक्टोबर २०१२

ती. ताईस,
बोंगइमचा शि. सा. न. वि. वि.

सणाची पेटी पोचली. दरवर्षीप्रमाणे मोजून चाळीस पर्सिमॉन निघाले, त्यातले दोन वाटेत फुटले होते, ते मी दारातच उभ्याने खाल्ले. तुझ्या हाताला यश आहे हो. फोन करणार होते, पण तुझ्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं आणि मी काहीही विचारलं तरी तू जेवण झालं असंच सांगतेस. त्यापेक्षा पत्र बरं.

आता बातमी. बसलीस ना? आमच्या ज्येष्ठांच्या क्लबाची सहल निघाली आहे, सोळा तारखेला, मंगळवारी. कुठे? थेट उत्तरेच्या सीमेवर! तारेचं कुंपण, सुरुंग, शत्रूने खणलेलं भुयार आणि वर टेकडीवर दुर्बिणी. हवा स्वच्छ असली की पलीकडच्या केसोंगचे डोंगर आणि पायथ्याची गावं दिसतात म्हणे. म्हणजे ताई, आपलं बामगोल दिसणार!

तुला आठवतं तसं मला काही आठवत नाही. लढाईत आपण गाव सोडून निघालो तेव्हा मी चार वर्षांची. माझं घर म्हणजे तू सांगितलेलं घर. क्लबात सगळ्या आपापल्या गावच्या गोष्टी सांगतात तेव्हा मी तुझ्याच भांडवलावर धंदा करते. सदुसष्ट वर्षांची झाले, एकदा तरी ते माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहू दे. मग मेले तरी हरकत नाही, पण बसचे पैसे भरलेत तेव्हा सहलीनंतर.

मी यादी केली आहे ती बरोबर आहे का सांग. उपड्या कढईसारखी टेकडी. तिच्या पायथ्याशी कौलारू दरवाजा, घोड्यावरच्या माणसालाही वाकावं लागू नये इतका उंच. बाजूला विहीर. आणि मागे रांगेत पर्सिमॉनची चाळीस झाडं. विहीर दरवाजाच्या डावीकडे की उजवीकडे, तेवढं उलट टपाली कळव.

भावोजींना नमस्कार. तुझा लोभ आहेच, पण पेटीतही काही कमी पडू देऊ नकोस.

तुझी धाकटी,
बोंगइम


चोंगदो,
८ ऑक्टोबर २०१२

चि. बोंगइम हीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून मला दोन रात्री झोप नाही. तू जाऊ नकोस. माझा काही आग्रह नाही, पण जाऊ नकोस.

एक तर तिथे सुरुंग आहेत. तू घरातल्या घरात चटईला अडखळून पडतेस. दुसरं म्हणजे दुर्बीण डोळ्यांना वाईट. आमच्या शेजारणीच्या दिराने असंच कशाततरी डोळा घालून पाहिलं आणि पुढे त्याचा गुडघा धरला. तिसरं, तुला बस लागते.

आणि जाऊन बघणार काय? साठ वर्षं झाली. दरवाजा होता खरा उंच, पण उंच गोष्टी आधी पडतात. कदाचित जमिनीत खचलाही असेल, मग तो तुला साधा दिसेल, त्याचा राग माझ्यावर काढू नकोस. विहीर बहुतेक बुजवली असेल, तेव्हा डावी-उजवी विचारण्यात अर्थ नाही. झाडांचं म्हणशील तर चाळीस नसतीलही. मी लहान होते, गोल गोल फिरून तीच तीच मोजली असतील. तीस धर. थंडी जोराची पडली असेल तर दहा. झाडांनाही आयुष्य असतं गं.

टेकडी मात्र असेल. टेकडी बघायची तर तुमच्या इंचॉनात काय कमी आहेत?

त्यापेक्षा इकडे ये. फळं उतरवायचे दिवस आहेत, बसून सोलायला एक माणूस हवंच आहे. भावोजी तुझी वाट पाहतात, म्हणजे मी त्यांना तसं सांगितलं आहे. मोठ्या बहिणीचं ऐकायची सवय अजूनही लावून घेता येईल.

तुझी काळजी वाहणारी,
मालबुन


इंचॉन,
१७ ऑक्टोबर २०१२

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जाऊन आले! पाय शाबूत, गुडघा शाबूत, बसही लागली नाही. लागायला बसमध्ये बसलं कोण होतं? शहर सुटल्याबरोबर चालकाने गाणी लावली आणि सगळ्या मधल्या वाटेत नाचायला उभ्या. शेजारची उलन्यो (तीच ती, जिच्या हातच्या मुळ्याच्या किमचीला तू नावं ठेवली होतीस) उकडलेलं अंडं हातात धरून नाचत होती. नदीवरचा पूल ओलांडून चौकी आली, गाणं बंद झालं आणि आम्ही चाळीस म्हाताऱ्या देवळातल्यासारख्या हात जोडून बसलो.

ओळखपत्रं तपासायला एक शिपाई चढला. आता ताई, आमच्या गल्लीत केस कुरळे करणारी बाई एकच. चाळीस डोकी, चाळीस फोटो, सगळी एकाच साच्यातली. बिचारा माझ्याकडे बघे, फोटोकडे बघे, उलन्योकडे बघे. शेवटी निघालं असं की माझं ओळखपत्र तिच्या हातात आणि तिचं माझ्या हातात होतं, अंडी सोलताना बदललं होतं. त्याआधी आम्हा दोघींनी आपापला म्हणून तो फोटो नीट पाहिलाही होता. मला तर वाटलं, आपण बऱ्या दिसतोय.

वाटाडी पोरगी गोड होती, पण सारखी कशाची ना कशाची बंदी सांगायची. पिवळ्या रेघेपुढे फोटो नाही. रस्ता सोडून पाऊल नाही, कडेला लाल त्रिकोण लटकतात तिथे सुरुंग. हे सांगून तिची पाठ वळते न वळते तोच उलन्योला तारेपलीकडे चेस्टनटचा सडा दिसला. साठ वर्षांत कोणी वेचलेलेच नाहीत! ती पदराची पिशवी करावी तशी सदऱ्याची ओटी करून निघालीच. पोरीने शिट्टी फुंकली. उलन्यो म्हणाली, सुरुंग रणगाड्यांसाठी असतात, मी बेचाळीस किलोची. तिला आम्ही दोघींनी कंबर धरून मागे ओढलं.

भुयारात सगळ्यांना शिरस्त्राणं दिली. उंच बायका टकाटक आपटत होत्या. मी एकटी ताठ मानेने गेले. आयुष्यात पहिल्यांदा उंचीचा फायदा झाला.

बसमध्ये आम्हा बायकांखेरीज मा नावाचे एक म्हातारे होते, मूळचे केसोंगचे. मी बामगोल म्हटल्यावर आनंदले, त्यांच्या आत्याचं गाव शेजारचंच. मी पर्सिमॉनच्या झाडांचं सांगितलं तर हसत सुटले. म्हणाले, त्या थंडीत आमच्याकडे पर्सिमॉन जगतो कुठे? गावाच्या नावातलं बाम म्हणजे काय सांगा बघू. मी म्हटलं, रात्र. डोंगराआड ऊन लवकर बुडतं म्हणून रातखोरं, आमच्या ताईनेच सांगितलं आहे. तर म्हणे, अहो बाई, बामचे अर्थ दोन, इथला बाम म्हणजे चेस्टनट. तुमचं गाव चेस्टनटचं खोरं. मी त्यांना चांगलं सुनावलं. आमची ताई दहा वर्षांची होती, तिला सगळं आठवतं, तुमची आत्या दुसऱ्या बामगोलशेजारी राहत असेल.

आणि मग वर जाऊन मी दुर्बिणीतून पाहिलं. सगळं दिसलं, ताई! उपडी कढई, दरवाजा (जराही खचलेला नाही), विहीर डावीकडे. आणि झाडं चाळीसच्या चाळीस, केशरी फळांनी लगडलेली. दोनदा मोजली. वाटाडी पोरगी उगाच सगळ्यांची माफी मागत होती आणि उलन्यो भिंग पुसून पुसून दमली, पण तिची नजरच अधू. मला स्वच्छ दिसलं. तू उगाच घाबरत होतीस.

लोभ वाढवण्यासारखी आता जागा राहिली नाही, आहे तेवढाच सांभाळ.

तुझी,
बोंगइम


चोंगदो,
१७ ऑक्टोबर २०१२

चि. बोंगइम हीस,
अ. उ. आ.

काल तू गेलीच असशील. तू माझं कधी ऐकलंस? दिवसभर सोलण्याच्या सुरीने बोटं कापून घेतली. चोराच्या मनात चांदणं. तुला तिथे काय दिसलं असेल ते मला माहीत आहे, म्हणून तुझं रागाचं पत्र यायच्या आत सांगून टाकते.

कौलारू दरवाजा जमीनदाराचा होता. आपलं घर त्याच्या मागे, दोन खोल्यांचं, पेंढ्याने शाकारलेलं. विहीरही त्याचीच. आणि पर्सिमॉनचं झाड तर मी बुसानला येईपर्यंत डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. परसात चेस्टनटचं एक झाड होतं, अर्धं वाळलेलं. बाम म्हणजे तेच. रात्र नव्हे.

बुसानच्या निर्वासित छावणीतलं पुठ्ठ्याचं खोपट तुला आठवत नसेल. आई मासळीबाजारात खवले काढायला जायची. तू दिवसभर भुकेने रडायचीस आणि माझ्याकडे द्यायला काही नव्हतं, म्हणून मी तुला गाव सांगायचे. पहिल्या दिवशी खरंच सांगितलं, परसात चेस्टनट आहे म्हणून. तू लगेच म्हणालीस, भाजून दे. चेस्टनटची हीच खोड. पडला की उचलायचा, निखाऱ्यात टाकायचा आणि खायचा. कुठून देणार होते मी? तू इतकी रडलीस की दुसऱ्या दिवशी मी झाडच बदललं. पर्सिमॉन बरा. झाडावर छान केशरी दिसतो, पण कच्चा खाल्ला तर जीभ लाकूड होते. थांबावंच लागतं. तू मागितलंस की मी सांगायचे, अजून पिकले नाहीत. गावाचं नाव विचारलंस की सांगायचे, बाम म्हणजे रात्र, झोप आता. एका झाडाने तुझं भागेना तेव्हा रोज एकेक वाढवत गेले. चाळिसावर आले आणि आईला धुलाईचं काम मिळालं, घरात भात शिजू लागला, म्हणून तिथे थांबले. नाहीतर शंभर झाली असती.

पुढे लग्न होऊन आले तीही पर्सिमॉनच्याच गावात. देवाला थट्टा कळते. उतारावरच्या पडीक जागेत रोपं लावत गेले. चाळीस झाली तेव्हा तुझ्या भावोजींनी विचारलं, एवढी कशाला? मी म्हटलं, कबूल केलं आहे. तुझ्या पेटीत दर झाडाचं एक फळ असतं. तेवढंच माझं खरं.

मी तुझं घर खोटं बांधलं, बोंगइम. रागावलीस तरी रागावल्याचं पत्र पाठव.

तुझी अपराधी,
मालबुन


चोंगदो,
२० ऑक्टोबर २०१२

चि. बोंगइम हीस,
अ. उ. आ.

आपली पत्रं वाटेत एकमेकींना ओलांडून गेलेली दिसतात. तुझं आत्ताच वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग भावोजींना वाचून दाखवलं, ते हसता हसता फळांच्या टोपलीत बसले, सतरा फळं गेली.

तुला चाळीस झाडं दिसली? फळांसकट? दोनदा मोजलीस? खोटं बोलावं पण रेटून बोलावं हे मी तुला शिकवलं, पण शिष्या गुरूच्या वर गेली. विहीर डावीकडे म्हणे!

खरं सांग, काय दिसलं? आता तरी दोघींपैकी एकीने खरं बोलायला हवं. मी मोठी, माझं बोलून झालं आहे.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
मालबुन


इंचॉन,
२४ ऑक्टोबर २०१२

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

धुकं दिसलं. दुर्बिणीत पाच वेळा नाणं टाकलं, पाचही वेळा भाताच्या पेजेसारखं पांढरं. सगळ्या कंटाळून जेवायला गेल्या. मा म्हातारे आणि मी तेवढे राहिलो. ते धुक्यात बघून आपल्या घराच्या पायऱ्या मोजत होते, मी झाडं मोजत होते. तिथे पर्सिमॉन नसतीलच हे मला बसमध्येच पटलं होतं. पण तुझ्या पत्रात झाडं चाळिसाची तीस आणि तिसाची दहा झाली होती, ती तशीच कमी होऊ दिली असती तर तुझ्याकडे काय उरलं असतं? म्हणून सगळी परत लावली.

तुझी कबुली वाचून खूप रडले. राग शोधला, सापडला नाही. ताई, मला घर बघायचं होतं ना, ते मी गेली चाळीस वर्षं पेटी उघडून बघते आहे आणि दारात उभ्याने खाते आहे. खोटं कसलं? फक्त गाव जरा दक्षिणेला सरकलं.

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. मी रडायचे तेव्हा तू दहा वर्षांची होतीस. मी पर्सिमॉन पिकायची वाट बघत झोपून जायचे. तू काय खायचीस, हे मी साठ वर्षांत एकदाही विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात सोलायला येते आहे. भावोजींना खरंच वाट पाहायला सांग. उलन्यो सोबत येईन म्हणते, तेव्हा तिच्या किमचीबद्दल तोंड मिटून ठेव. माझ्यावर जीव आहेच तुझा, तो आता मोजू नकोस.

तुझी,
बोंगइम

ता. क. सोबत छोटी डबी आहे. उलन्योला मागे ओढताना मी खाली पाहिलं, तर तारेपलीकडच्या झाडाचे सात चेस्टनट गडगडत अलीकडे रस्त्यावर आले होते. रस्त्यावर पाऊल ठेवायला बंदी नव्हती, म्हणून खिशात टाकले. सातही तुझेच. भाजूनच पाठवले आहेत, थांबावं लागणार नाही.