काकू उलटी धावली

४ एप्रिल
तळ्याच्या पाळीवर कॅमेरा लागून महिना झाला. वाघ दिसला का मशीन आपोआप सायरन वाजवते. माणसं कोणीकडे पळतील तेही आधीच सांगते. मी शाळेच्या खोलीत बसून स्क्रीन पाहातो, हेच माझं काम. मले हे मशीन शिकवायले पुण्याचे निखिल सर आले. म्हणाले, "माणूस भीतीने पळतो, तेवढं मशीनला पुरतं." गुर्मी पाहा.

९ एप्रिल
सकाळी सायरन. तळ्याच्या वाटंवरच्या साऱ्या बाया गावाकडे पळाल्या, मशीननं सांगितलं तशाच. एकटी सीताकाकू उलटी, तळ्याकडे. सर ओरडले, "वेडी आहे का ही!"
तिचे मालक मारोतीकाका पाण्यात जाळं ओढून राह्यले होते. त्याइले आयकू येत नाई. काकूनं हात धरून ओढलं, तेवढ्यात वाघानं तिचा खांदा फाडला. लोकं डबे बडवत धावले म्हणून दोघं जिते. काकूले गडचिरोलीले नेलं.

१० एप्रिल
सरांनी रिपोर्टात लिहिलं, महिलेचं वर्तन अनपेक्षित.
"अनपेक्षित कोणाले? ती तिकडंच धावन हे लहान पोराले बी माहीत होतं!"
"मग आधी का नाही सांगितलंस?"
काऊन सांगू? विचारलं होतं काय?
पण मले बी सुचलं नाई. तेच झोंबून राह्यलं.

१३ एप्रिल
सरांनी वही दिली. कोणाले आयकू येत नाई, कोण कोणासाठी जीव टाकते, कोण कुठी जाते, सारं लिही म्हणे. "त्याशिवाय मशीनला माणूस कळणार नाही." आता कळलं त्याइले! तरी लिहिलं. काकूचं घर तेवढं राह्यलं.

१६ एप्रिल
जंगल हापिसातला एक साहेब आला. वही चाळून हसला. "वाघापायी बंद केलेल्या जंगलात मोहफुलं वेचायले कोणती बाई कधी शिरन, आधीच कळन. वाटंवरच धरू." निखिल सर स्क्रीनकडे वळले. मी वही हिसकली. साहेब ओरडला, "ठेव इथी!" नाई ठेवली. घरी आणली.

१८ एप्रिल
दवाखान्यात काकूले सारं सांगितलं. वही नाई दिली तं मशीन काकाले कधीच ओळखणार नाई. दिली तं बाया धरल्या जातीन.
काकू म्हणे, "बुढ्याचं लिही. माह्यं नको लिहू. मी मोहाले जातो."
बुढा कुठी आहे ते लिहिलं का काकू कुठी धावन ते लिहिल्यासारखंच ना. मंग तिची मोहाची वाट तरी कशी लपन?
काकाचं नाव लिहिलं. पुढं 'सीताकाकूचा नवरा' लिहाचं का नाई, तिथंच पेन थांबला. सकाळी सर वही घ्यायले येतीन.