यंत्राला रकाना नाही

श्रावण शु. ५, शके १८५३

कचेरीतून चिठ्ठी. मागच्या दहा सालांत यंत्रानं गावची किती माणसं मेली, सालवार कळवा. पाटील मी, म्हणजे मलाच! बरं झालं. बोटी सुरू झाल्या की मुंबईच्या गिरणीत जातो म्हणून आमचा पोरगा सहदेव हटून बसलाय. काल म्हणाला, "आबा, गिरणीत माणसं मरतात तर मरणाच्या वहीत दाखवा. दिसलं तर नाय जात."

दाखवतोच.

शु. ६

सगळी मरणं चाळली. यंत्रानं एकही नाही! पटकी, देवी, ताप, साप — यंत्राला रकानाच नाही. जे मुंबईतच मेले, ते आमच्या वहीत येतच नाहीत. तशा चौघांच्या खबरा मी या कानांनी ऐकल्यात.

शु. ९

रायबाची नोंद सापडली. गिरणीच्या पट्ट्यात हात गेला, तसाच बोटीनं गावी आला, नवव्या दिवशी गेला. "कारण — ताप." अक्षर माझंच. अंगात ताप होताच की! तेव्हा खोटं वाटलं नाही.

तुडीलच्या नाथू पाटलाला विचारलं. हसला. "माझ्याकडंबी तापच हाय. तू काय नवा रोग काढतोस रे?"

मग मोजायचं कशावरून? दहा सालांत ही मरणं वाढली की घटली, देवाला ठाऊक.

शु. ११

रायबाच्या विठाबाईकडे गेलो. म्हटलं, नोंद दुरुस्त करतो. एक जरी खरी दिसली तरी सहदेव थांबेल.

ती उंबऱ्यातच खाली बसली. "नको पाटील! ह्यांच्या जागेवर माझा भिकू लागलाय. गिरणीचं नाव कागदावर गेलं तर त्याला काढून टाकतील. ताप म्हंजे ताप." मग हळूच — "तुमचा पोर वाचवायला माझा उपाशी मारू नका."



शु. १२

भैरीपुढे बसलो. हात जोडले, मागणं सुचेना.

पौर्णिमा

कचेरीला लिहिलं. दहा सालं, दहा ओळी, दहाही ठिकाणी "निरंक". आमच्या गावाला यंत्र शिवलंच नाही! शाई वाळायला कागद ओटीवर ठेवला आणि उगाच नदीपर्यंत जाऊन आलो.

वद्य ४

सहदेव गेला. दासगावला बोट लागली म्हणे. मी रानात होतो. आईला सांगून गेला — "आबांनी सोताच्या हातानं लिवलंय, कुणी मेलं नाय."