पुढचं वाक्य

५ जानेवारी
नांदुऱ्याला गाडीतून उतरले आणि काळीपिवळी जीपनं वडनेर भोलजी गाठलं. इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायचं. घरमालक भगवानरावांच्या माडीवर ऐसपैस खोली मिळाली, पुस्तकांच्या तिन्ही पेट्या मावल्या. खालची बैठक मात्र कापसानं छतापर्यंत भरलेली. भाव चढेपर्यंत कापूस बैठकीत आणि पाहुणे ओट्यावर. त्यांच्या पत्नी वच्छलाबाईंनी भरीत-भाकर वाढली. मी पुरे म्हटलं, तर म्हणाल्या, मॅडमबाई, तोंडानं सांगतलेलं पुरे आमी मानत नाही, ताटावर हात आडवा धरा लागते. त्यांची लेक करिष्मा बारावीत, माझ्याच वर्गात. ढिगावर उड्या मारत रील बनवते. हिच्या रीलपायी माह्या कापसाची गादी होऊन राह्यली, असं भगवानराव कुरकुरले, तर तीच खळखळून हसली. पोरगी आवडली मला.

९ जानेवारी
वर्गात 'बटन' हा शब्द तीनदा कानावर आला. अर्थ करिष्मानं सांगितला. बटन म्हणजे झोपेची गोळी. चिठ्ठीशिवाय मिळते. रीलमध्ये पोरं हवेत बोट दाबून दाखवतात, की टेन्शन बंद. बघणारे खाली लाइकचं बटन दाबतात. दोन्हीकडे शब्द एकच! माझं डोकं तापलं. या गावात कवितेचं पुस्तक हवं असेल तर तालुक्याला जावं लागतं, आणि विष मात्र लेकरांच्या तळहातावर फुकटात नाचतं. आणि मोठी माणसं म्हणतात, पोरं मोबाइलवर अभ्यास करतात!

१२ जानेवारी
जिजाऊ जयंती. कॉलेजच्या मैदानावर गाव जमलं, भाषण माझं; सभा गाजवायची सवय जुनीच. रागानं रात्रभर धुमसत होते, तो सगळा उपरोधात ओतला. ओरडले, "दाबा बटन! एक बटन, आणि सगळं दुःख बंद! वाट कशाची बघता? दाबा की!" टाळ्यांचा कडकडाट झाला. तो ओसरेपर्यंत थांबले आणि हळू आवाजात पुढचं वाक्य बोलले: "आणि मग तुमच्या आईनं तुमच्या नाकात कापूस घालावा." मैदान गार पडलं. मागच्या रांगेत वच्छलाबाई पदरानं डोळे पुसत होत्या.

१३ जानेवारी
करिष्मा धावत माडीवर आली. मॅडम, तुमी तं चालून राह्यल्या! तिनं माझ्या भाषणाचं रील केलंय. पंधरा सेकंद, 'दाबा की' आणि टाळ्या. पुढचं वाक्य कुठं आहे, असं विचारलं. म्हणाली, टाळ्यांवर कापलं की भारी वाटते, लंबं कोणी पाहत नाही. त्याच क्षणी काढून टाक म्हणायला हवं होतं. संध्याकाळी बघणाऱ्यांचा आकडा अकरा हजारांवर गेला. मी तो चारदा पाहिला. हेही लिहून ठेवते. दुसऱ्यांची पापं चव्हाट्यावर मांडणारीनं स्वतःचं झाकू नये.

१८ जानेवारी
कुणीतरी माझा आवाज उचलला. आता अनोळखी पोरं-पोरी जिभेवर गोळी ठेवतात आणि मागं मी ओरडते. खाली लिहिलेलं असतं, मॅडमनं सांगतलं बे, दाब. बसथांब्यावर दोन मुलींनी मला पाहून हवेत बोट दाबलं. अदबीनं, नमस्कार करावा तसं. करिष्मानं रडत मूळ रील काढलं. उपयोग शून्य. रीलच्या कंपनीकडे तक्रार केली, तर उत्तर आलं: या आवाजात आक्षेपार्ह काही आढळलं नाही. कुणाला आढळलं नाही? ऐकायला तिथं माणूस तरी होता का?

२४ जानेवारी
करिष्मा तासाला झोपते. डोळे काचेचे. थकवा म्हणाली. दप्तरात गोळ्यांची दोन रिकामी पाकिटं. मी खाली जाऊन सगळं सांगितलं. भगवानरावांनी तिचा मोबाइल हिसकावला आणि कापसात भिरकावला. वच्छलाबाईंनी एवढंच विचारलं, मॅडमबाई, पोरगी म्हणते तुमीच सांगतलं. काऊन सांगतलं?
हजारोंच्या सभा गाजवलेली मी. जिना चढून वर आले.

२६ जानेवारी
भर दुपार. ढिगातून माझा आवाज. दाबा की. टाळ्या. दाबा की. भगवानराव खांद्यापर्यंत हात घालून चाचपतात. मोबाइल लागत नाही. दोन दिवस झाले, चार्जिंग उरलं कसं?

२८ जानेवारी
आवाज येण्याआधी माझे ओठ हलतात. वर्गात 'पुस्तक उघडा' म्हणायला गेले, तोंडातून निघालं, 'दाबा—'
पोरांनी टाळ्या वाजवल्या.

३० जानेवारी
पुढचं वाक्य रेकॉर्ड करून सगळीकडे पाठवायचं ठरवलं. नऊदा बसले. टाळ्यांच्या जागेपर्यंत येते आणि तोंडातून पुन्हा 'दाबा की'च निघतं. वाक्य माझं. पाठ आहे. तरी—
खालून करिष्मा माझ्या आवाजाबरोबर पुटपुटते. तिला कोंडलंय, तपासलंय. गोळी येते कुठून?

३१ जानेवारी
करिष्मा उठली नाही. डॉक्टर आले. मान हलवली. गेले.
ढिगातला आवाज थांबला. पहिल्यांदाच.
मी जिन्यावर बसून लिहितेय. वच्छलाबाई बैठकीत शिरल्या. मोबाइल शोधताहेत वाटलं— नाही. एक मूठ कापूस घेतला. उंबऱ्यावर बसल्या. सरकी वेचताहेत. एकेक. लेकीला टोचू नये म्हणून—
वर बघताहेत. माझ्याकडे.
बोलता येत नाही. लिहिता येईल. पुरं लिहिते, वच्छलाबाई, पुरं—
दाबा बटन— एक बटन, आणि सगळं दुःख— वाट कशाची— दाबा की—
आणि मग तुमच्या आईनं