शालनची उरलेली प्रकरणं

४ सप्टेंबर १९६३, बुधवार. अकोला

मासिक बंद पडलं! त्यातल्या कादंबरीनं दहा महिने आम्हाला झुलवलं, डॉक्टरला शालनच्या दारात उभं केलं, हात कडीवर, खाली ‘क्रमशः’ — आणि आता पोस्टकार्ड, की कागद परवडत नाही. पंचफुला हेडफोन काढून उभीच राहिली. ‘‘त्याले आत तरी घ्याचं होतं मेल्यांनी!’’ म्हणाली. टेलिफोन ऑफिसात ती माझ्या शेजारच्या बोर्डावर बसते. दोन लेकरांची आई, पण कादंबरी वाचताना माझ्याहून लहान होते.

ट्रंक लाइनवर अमरावतीला बातमी दिली. अमरावती म्हणजे रजियाबी, तिकडची ऑपरेटर. आम्ही एकमेकींना गावाच्या नावानंच हाक मारतो. दोन वर्षं झाली, तोंड अजून पाहिलेलं नाही. ती म्हणाली, ‘‘रडतं कायले वं अकोला? बाकीचं आपण लिहू.’’

आपण! दिवसभर तो एक शब्द कानात घेऊन बसले होते.

९ सप्टेंबर, सोमवार

शंभर पानी वही आणली. एकीनं एक प्रकरण लिहायचं आणि वही पुढे द्यायची. वाहतूक पंचफुलाच्या यजमानांकडे — देवीदासभाऊजी अकोला-अमरावती एसटीवर कंडक्टर आहेत. ‘‘वाचाचं नाही हं!’’ तिनं बजावलं. ते म्हणाले, ‘‘मले काय पडलं?’’ मूर्तिजापूर यायच्या आत वाचून काढणार, मला पक्कं माहीत आहे.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

पंचफुलाचं प्रकरण आलं. डॉक्टर दारातच! आत शालन आणि नर्स कुमुद एका बंगईवर झोके घेत बसल्यात. कुमुद शालनची वेणी घालते आणि घालता घालता तिच्या मानेवर ओठ टेकते. पुढची दोन पानं तर मी इथे उतरवूनही घेणार नाही. ‘‘दोघी कशा गोड दिसतात! तो बाप्या मधात कायले पाह्यजे?’’ म्हणाली आणि डबा उघडून भाकरी खायला लागली.

मी तीनदा वाचलं. मग खामगावचा कॉल चुकून कारंज्याला जोडून दिला.

१४ सप्टेंबर, शनिवार

भाऊजींचा निरोप — जमलं तर पुढच्या प्रकरणात विरहाची पत्रं घाला. सहा फुटांचा दांडगा माणूस, उतारूंवर खेकसणारा, आणि त्याला विरहाची पत्रं हवीत!

२० सप्टेंबर, शुक्रवार

माझं प्रकरण मी कंपाउंडरवर काढलं. त्याची सायकल, त्याची सासू, हरवलेली औषधाची बाटली. कुमुदचं नाव लिहायला गेले की पेन थांबतं. पंचफुला सरळ लिहून मोकळी होते, आणि मला घाम फुटतो. ‘‘हसाले आलं, पण शालन कुठी हाय?’’ म्हणाली.

२५ सप्टेंबर, बुधवार

रजियाबीचं प्रकरण. सात पानं, आणि सातही पानं डॉक्टर! डॉक्टर शालनकडे पाहतो, शालन हसली की डॉक्टरला झोप नाही, डॉक्टर तिचा हात धरतो आणि सोडतच नाही. अक्षर सुंदर. पण कुमुदला तिनं रजेवर माहेरी पाठवून दिलंय! वाचून हिरमुसले. जिला बाप्याचं इतकं कौतुक, तिच्याकडून मी कशाची वाट बघते?

दुपारी लाइनवर तिला विचारलं, ‘‘मग डॉक्टरनं पप्पी घेतली का नाही? ते तू गाळलंस.’’ मध्येच एक घोगरा आवाज — ‘‘घेतली असन, बाई. आता माहा अंजनगावचा नंबर लावून द्या.’’ सरकीचे व्यापारी! मी त्यांची लाइन लावून ठेवली होती आणि बटण उघडंच राहिलं. रजियाबी तिकडे हसून हसून बेजार. ते हसणं ऐकलं आणि रुसवा कुठल्या कुठे पळाला. आपलं काही खरं नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

आज पंचफुलाला सांगून टाकलं. वाटलं, बंगईचं प्रकरण जिनं लिहिलं तीही माझ्यासारखीच असणार. सोळाव्या वर्षापासून मला माहीत आहे. त्याला काय म्हणतात ते माहीत नाही. तिच्या घरी मिरच्या निवडत होतो. ‘‘पंचफुलाताई, मला बाईच आवडते. तुम्हालाही ना?’’

तिनं हातातली मिरची खाली ठेवली. मग म्हणाली, ‘‘अवं, वाचाले गोड लागते म्हून मी तशी झाली का? मले डाकूच्याबी गोष्टी आवडतात. मी गेली का कधी डाका टाकाले? मले आपले हे पुरतात.’’ हे म्हणजे भाऊजी, बाजेवर घोरत पडलेले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठायला लागले तर तिनं पदर धरला. ‘‘बस. तू तशी हाय त हाय. मिरच्या कोन निवडन?’’ थोड्या वेळानं हळूच म्हणाली, ‘‘अमरावती का वं?’’ मी नुसती मान डोलावली. इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

लिहिलं! शालन डॉक्टरला समोर बसवून सांगते — तुम्ही भले आहात, पण माझा जीव दुसरीकडे आहे. आणि कुमुदचा हात धरते. पुढचंही लिहिलं, पंचफुलापेक्षा दोन ओळी जास्तच. वही भाऊजींच्या हातात दिली. अमरावतीला समजलं आणि ती तुटली तर? तो आवाजच गेला तर मी रोज बोर्डावर बसून ऐकू काय?

७ ऑक्टोबर, सोमवार

अमरावती नुसते नंबर बोलते.

८ ऑक्टोबर, मंगळवार

आजही नंबरच.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

वही परत आली. माझ्या प्रकरणाबद्दल एक अक्षर नाही! पुढे तिनं सरळ डॉक्टर आणि शालनचं लग्न लावून टाकलंय. पहिली रात्रसुद्धा लिहिलीय, आणि अशी लिहिलीय की पंचफुला वाचताना पदरानं वारा घेत होती. मी ऑफिसच्या मागे जाऊन रडले, तोंड धुतलं, नागपूर जोडलं.

संध्याकाळी लाइनवर ती एवढंच म्हणाली, ‘‘रविवारी मामूकडं येतो. दहाच्या गाडीनं. स्टँडवर भेट.’’ समोरासमोर नाही म्हणायला येत असणार. येऊ दे. निळं लुगडं नेसून जाईन, वही तिच्या हातात देईन, हसून निरोप देईन. रडायचं नाही असं ठरवलंय.

१३ ऑक्टोबर, रविवार

रजिया माझ्याहून चार बोटं बुटकी आहे. उतरल्या उतरल्या म्हणाली, ‘‘लगीन लावून देल्लं तरी तोंड पाडून उभी? येडे, तो डॉक्टर कोन हाय? मीच त हाओ!’’ मी विचारलं, ‘‘आणि शालन?’’ तिनं माझ्याकडे बोट केलं, मग पिशवीतून एक कागद काढून दाखवला — अकोल्याला बदलीचा अर्ज. कारणाच्या जागी लिहिलंय: घरगुती.