नळीवरची पट्टी आणि माझा अंगठा

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : अतिदक्षता विभाग, खाट क्र. ६ येथील मृत्यूच्या अहवालात माझ्या उजव्या अंगठ्याची नोंद घेणेबाबत.
संदर्भ : आपला अहवाल, दि. १८ ऑगस्ट. ("मानेतील नळीवाटे रक्तात जंतुसंसर्ग. उगम निश्चित नाही.")

महोदय,

१. सदर खाटेवरील रुग्ण माझी पत्नी होती. मी शिंपी आहे. काजे-बटणे ती करीत असे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर तिच्या मानेत औषधाची नळी घातली होती. शस्त्रक्रिया उत्तम झाली, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. हे वाकडेपणाने लिहीत नाही.

२. पाचव्या दिवसापासून ती गोळ्या तोंडाने घेऊ लागली. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टरांची सही झाली की नळी काढू." सही नवव्या दिवशी झाली. खाटेजवळच्या तक्त्यावर 'नळीची आज गरज आहे काय?' यापुढे मधले चारही दिवस 'होय' असे लिहिले आहे. हे कोणी पाहून लिहिले, असे विचारायचे नाही म्हणून ठरवले होते. राहवत नाही.

३. सातव्या दिवशी भेटीच्या वेळेत नळीवरील पट्टीची कड सुटलेली दिसली. पत्नी हसून म्हणाली, "अहो, शिंप्याची बायको आणि कड उसवलेली! लोक काय म्हणतील?" मी दारात औषधाने हात चोळले होते. परंतु दुमड बसवण्यापूर्वी अंगठा जिभेला लावायची चाळीस वर्षांची सवय. तो लागला. मग मी कड दाबून नीट बसवली. "आता कसं!" ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिला हुडहुडी भरली. अकराव्या दिवशी ती गेली.

४. मुलगी म्हणते, "बाबा, तुमचा काही दोष नाही." तिला मी अंगठ्याचे सांगितलेले नाही. दुकान बंद आहे. कापड हाती घेतले की अंगठा तोंडाकडे जातो आणि मला रडू फुटते.

५. सबब, ती नळी राहिल्यामुळे गेली की माझ्यामुळे, हे तपासून लेखी कळवावे. दोष माझा निघाल्यास तसे स्पष्ट लिहावे, माझी हरकत नाही. 'निश्चित नाही' एवढ्यावर मला तिच्या शिलाई मशीनसमोर बसवत नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
खाट क्र. ६ चा नवरा
दि. २ सप्टेंबर

सोबत : (१) अहवालाची प्रत. (२) उजव्या अंगठ्याचा ठसा. मला सही येते; ठसा तपासणीसाठी आहे.